एका फेरीचा वारा

परळ, मुंबई
४ डिसेंबर १९३५

चि. मालन हीस काशीरामचे आशीर्वाद.

तुम्ही सगळी माझ्या तारेची वाट बघत असाल. तार करण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून हे पत्र.

दिल्लीच्या सामन्यांना जाणाऱ्या इलाख्याच्या संघातून माझं नाव गेलं. चारशे चाळीस यार्डांच्या शर्यतीसाठी जिल्ह्याजिल्ह्यातून आलेल्या वेळा समितीने मांडल्या. रत्नागिरीच्या मैदानावर २४ नोव्हेंबरला मी लावलेली वेळ, एक्कावन्न सेकंद आणि दोन पंचमांश, सगळ्यांत कमी होती. पण तिच्यापुढे लाल शाईने शेरा आहे, 'समुद्रावरच्या वाऱ्याच्या मदतीने'. त्या दिवशी बक्षिसं द्यायला आलेले पाहुणे याच समितीतले. शेवटच्या टप्प्यात माझा सदरा पाठीमागून शिडासारखा फुगलेला त्यांनी पाहिला म्हणे. माझ्या वर्कशॉपातले लोक तेव्हापासून मला 'शिडाचा गडी' म्हणतात.

आता एक काम कर. आप्पा सरकारी हवामानाच्या नोंदी ठेवतात, सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच. आमची शर्यत बरोबर पाचला सुटली, आणि आप्पांचं यंत्र मैदानाच्या कुंपणालाच लागून आहे. म्हणजे त्या घटकेचा वारा रजिस्टरात असणारच. तेवढा उतारा आप्पांच्या सहीने पाठव. तार खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाचा शब्द कोणी मोडणार नाही.

आईला नमस्कार सांग.

काशीराम


रत्नागिरी
९ डिसेंबर १९३५

ती. दादास मालनचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून आई चुलीपुढून उठलीच नाही, आणि मी त्या पाहुण्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आप्पांना विचारलं. ते म्हणाले, रजिस्टर सरकारचं आहे, घरच्या कामाला त्यातले आकडे काढून देता येत नाहीत. मी दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर. नियमच तसा असेल. तू दुसरीकडून काही खटपट कर.

इकडे सगळं ठीक. गुहागरचं स्थळ परत सांगून आलंय. मुलाची नारळी-पोफळीची बाग मोठी आहे, असं मावशी तीन वेळा म्हणाली. मुलाबद्दल एकदाही काही म्हणाली नाही.

शर्यत मी यंत्राच्या खांबाखाली उभी राहून पाहिली होती. तू पलीकडच्या अंगाला वाऱ्याशी झोंबत होतास ते मला दिसत होतं. ते त्या पाहुण्यांना का दिसू नये?

तुझी मालन


परळ, मुंबई
१३ डिसेंबर १९३५

चि. मालन,

नियम! आप्पांना सांग, मला सगळं समजलं. शाळेत असताना मी धावायला लागलो तेव्हा ते म्हणाले होते, 'माणसाने डोकं चालवावं, पाय बैलही चालवतो.' त्यांच्या मनातून ते कधी गेलंच नाही. नाहीतर मुलाच्या नावावर डाग पडला असताना चार आकडे लिहून द्यायला बापाला एवढं जड का जावं? मैदान त्यांच्या कुंपणाला लागून, आणि त्या दिवशी त्यांनी मला बोलावून पाठ थोपटली नाही, वेळसुद्धा विचारली नाही. खुर्चीत बसून राहिले, तोंड भलतीकडेच करून.

मी धावणं सोडलंय. बूट खोलीतल्या एकाला देऊन टाकले. तू मध्ये पडू नकोस.

काशीराम


रत्नागिरी
१७ डिसेंबर १९३५

ती. दादास,

हे पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं नाही आणि दाखवणार नाही. पण तू लिहिलंस ते मला गिळवत नाही, म्हणून तीन वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट आज सांगते.

आप्पांना दिसत नाही.

आधी बारीक अक्षरं गेली, मग पाऱ्याची रेघ, आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. शर्यतीच्या दिवशी ते तोंड भलतीकडे करून बसले नव्हते, कान तुझ्याकडे करून बसले होते. वेळ त्यांनी तुला विचारली नाही, कारण ती त्यांना आधीच माहीत होती. घोषणा झाल्याबरोबर मला म्हणाले, 'एक्कावन्न आणि दोन. ऐकलंस ना गो?' आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

तुला कळवायचं नाही असं त्यांनी आम्हाला शपथेवर बजावलं होतं. कळलं तर तू नोकरी सोडून घरी येशील, ही त्यांची भीती. तू वर्षातून दोन-चार दिवस येतोस, तेवढे आम्ही सगळ्यांनी मिळून निभावून नेले. तीन वर्षं आठ आणि पाचची प्रत्येक नोंद मी करते. पारा मी वाचते, वारा मी मोजते, पुण्याची तार मी लिहिते. आप्पा फक्त सही करतात, मी बोट ठेवून दाखवते त्या जागी. आता तुला समजेल की ते त्या उताऱ्यावर सही का करेनात. पुण्याच्या ऑफिसात कोणी चौकशी केली तर आंधळा माणूस हवा बघतो हे उघडं पडेल. खोटेपणाचा ठपका आपल्यावर येण्यापेक्षा नियमाच्या मागे दडलेलं बरं, असं त्यांना वाटलं. दडताना त्यांना काय झालं असेल ते तू बघायला हवं होतंस.

आता आकडा ऐक. २४ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच, वारा वायव्येचा, ताशी चौदा मैल. आणि हो, शेवटचा सरळ टप्पा वाऱ्याच्याच दिशेने होता. म्हणजे नुसता आकडा पाठवला तर पाहुण्यांचंच खरं ठरेल.

पण चारशे चाळीस यार्ड म्हणजे पुरी एक फेरी. जिथून निघालास तिथेच आलास. जेवढा वारा पाठीवर घेतलास तेवढाच आधी छातीवर घेतलास. मला पहिल्यांदा वाटलं, फिटंफाट. मग आप्पांचं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात लिहिलंय की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. तू ठोकळमानाने ताशी सतरा मैलांनी धावतोस. वारा मुळीच नसता तरी तुला सतराचा वारा लागला असता. सतराचा वर्ग दोनशे एकोणनव्वद, दोन्ही बाजू मिळून पाचशे अठ्ठ्याहत्तर. त्या दिवशी जाताना तुला सतरा आणि चौदा मिळून एकतीसचा वारा लागला, येताना फक्त तीनचा. एकतीसचा वर्ग नऊशे एकसष्ट, तिनाचा नऊ. बेरीज नऊशे सत्तर! दादा, वाऱ्याने तुला दिलं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त काढून घेतलं. वारा नसता तर तू आणखी लवकर आला असतास.

हे मी समितीला लिहिणार आहे. बूट परत घे.

मालन


परळ, मुंबई
२१ डिसेंबर १९३५

चि. मालन,

तुझं पत्र मी वर्कशॉपाच्या दारात उभ्याने वाचलं. नंतर भोंगा झाला तरी मला आत जायचं सुचेना. मी आप्पांबद्दल जे लिहिलं ते पत्र जाळून टाक.

मी शनिवारच्या बोटीने येतो. नोकरीचा राजीनामा देतो. आप्पांना मुंबईच्या डॉक्टरांना दाखवू, नाहीतर मी तिथेच राहून नोंदी करीन. शर्यत गेली खड्ड्यात. तू समितीला काही लिहू नकोस, घरावर नसतं संकट येईल.

काशीराम


रत्नागिरी
३ जानेवारी १९३६

ती. दादास मालनचा नमस्कार.

तू बोटीवर चढला नाहीस हे माझ्या तारेचं नशीब. 'येऊ नकोस, काम चालू आहे' एवढंच लिहिता आलं, आता नीट सांगते.

डॉक्टरांना दाखवून झालं. मिरजेला दोन वर्षांपूर्वीच नेऊन आणलंय, इलाज नाही. आणि नोंदी करणारं माणूस घरात आहे, तू येऊन काय करणार? तुला तर उन्हाळ्यात थर्मामीटर वाचताना घाम डोळ्यांत जातो.

नुसत्या गणितावर समिती विश्वास ठेवणार नाही असं मला वाटलं. म्हणून मी दादू शेट्येला गाठलं, तुझ्या मागून दुसरा आला तो, सायकलच्या दुकानाचा. म्हटलं, 'रोज दोनदा मैदानाला एक फेरी मारशील का, जीव तोडून?' तो आधी हसला. मग म्हणाला, 'मुंबैवाले बोलतात काशीरामला वाऱ्यानं जिंकवला. म्हंजे मी वाऱ्यापुढं हरलो काय? मी हरलो तो तुज्या भावापुढं. धावतो.'

दहा दिवस धावला. सकाळी साडेनऊला, मतलई वारा जमिनीवरून वाहायचा थांबतो आणि दर्याचा वारा अजून सुरू व्हायचा असतो, त्या निपचित वेळी एकदा, आणि संध्याकाळी पाचला एकदा. वेळ लावायला मी आणि आप्पा. होय, आप्पा! आईने आधी डोक्याला हात लावला, पण आप्पा स्टूल घेऊन रेषेवर येऊन बसले. दादूच्या टाचा कातळावर वाजत येतात त्या ऐकून ते घड्याळ थांबवतात. आमच्या दोन घड्याळांत एका पंचमांशाहून जास्त फरक एकदाही पडला नाही. तीस वर्षं तारेची टकटक ऐकलेला कान तो.

सकाळी दादूला त्रेपन्न सेकंद लागतात, एखाद पंचमांश इकडे तिकडे. संध्याकाळी वारा बारा-चौदा मैलांचा असला की चौपन्नच्या वर, एकदा तर चौपन्न आणि तीन. कोणी म्हणेल, दिवसभर दुकानात राबून संध्याकाळी तो दमलेला असतो. पण सातव्या दिवशी संध्याकाळी वारा पार पडला होता, झावळी हलत नव्हती. त्या दिवशी दादू त्रेपन्नला आला. तेव्हा आप्पा स्टुलावरून उठले आणि म्हणाले, 'मालन, आता लिही. तुझ्या नावाने लिही. सही माझी नको.'

मी म्हटलं, 'पुण्याला कळलं तर?'

'कळू दे. पोरगा खरा असताना खोटा ठरतोय, आणि मी माझी खुर्ची सांभाळत बसू होय?'

परवा इंग्रजीत पत्र पाठवलं. रजिस्टराची नक्कल, दादूचा तक्ता, आणि एकतीसचा वर्ग. शाळेच्या हेडबाईंनी स्पेलिंगं तपासली. खाली सही केली, एम. आर. नागवेकर.

गुहागरकरांनी निरोप पाठवलाय की मुलगी मैदानावर घड्याळ घेऊन परक्या पुरुषाला पळवते असं ऐकलं, तेव्हा त्यांचा विचार बदलला. आई दोन दिवस बोलली नाही. मी मात्र दोन्ही दिवस पोटभर जेवले.

मालन


परळ, मुंबई
१५ जानेवारी १९३६

चि. मालन हीस अनेक आशीर्वाद.

समितीच्या सेक्रेटरी साहेबांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर तुझं पत्र उघडं होतं, समासात त्यांनी स्वतः पेन्सिलीने वर्ग करून पाहिलेले. म्हणाले, 'मी वीस वर्षं शर्यती भरवतोय. हा हिशोब आमच्या कोणाच्या डोक्यात आला नाही. हे एम. आर. नागवेकर कोण? सायन्सचे प्रोफेसर का?'

मालन, माझी जीभ तिथे अडखळली. मी म्हटलं, 'आमच्या घरचेच आहेत.' तुझं नाव घेतलं नाही. मुलीचं गणित म्हणून बाजूला सारतील अशी धास्ती वाटली. तुझ्या पाठीमागे मी असा वागलो, ते तुला सांगून टाकतो.

लाल शेरा काढलाय. पण ते पाहुणे हटून बसले, त्यांचं म्हणणं की या गृहस्थाने एकदा सगळ्या समितीसमोर धावून दाखवावं. त्यामुळे २ फेब्रुवारीला, रविवारी, इथल्या मैदानावर सहा जणांची निवड शर्यत आहे. दोघं दिल्लीला जातील. बूट परत घेतले; ज्याला दिले होते त्याला ते होतच नव्हते.

आता वाईट बातमी. रजिस्टराची नक्कल खरी आहे की नाही हे विचारायला साहेबांनी ती पुण्याच्या हवामान ऑफिसला पाठवली. सरळ मनाने पाठवली, पण पाठवली. आप्पांना सांग किंवा सांगू नकोस, तुला योग्य वाटेल ते कर. माझा जीव थाऱ्यावर नाही.

काशीराम


रत्नागिरी
२८ जानेवारी १९३६

ती. दादास मालनचा साष्टांग नमस्कार.

पुण्याचे इन्स्पेक्टर काल येऊन गेले. तू हे पत्र बसून वाच.

सकाळी पावणेआठला दारात टांगा. रंगाने गोरे, चष्मेवाले, पायांत चकचकीत बूट. 'रावजी नागवेकर?' म्हणाले. आप्पा आवाजाच्या दिशेने उठले आणि मी सावरायच्या आत स्पष्ट बोलले, 'साहेब, मी रावजी. मला तीन वर्षं दिसत नाही. नोंदी माझी मुलगी करते. दोष माझा.'

इन्स्पेक्टरांनी घड्याळ काढून माझ्याकडे बघितलं. 'आठ वाजताहेत. चला.'

मी रोजच्यासारखी सगळी नोंद केली. ओचा घट्ट खोचला आणि पेन्सिल दातांत धरली. पारा वाचला, सुकी आणि ओली दोन्ही थर्मामीटरं वाचली, वारा मोजणाऱ्या वाट्यांच्या चक्राचा आकडा घेतला, तीन मिनिटं मोजली, परत घेतला. ते माझ्या मागून तेच वाचत होते आणि आपल्या वहीत लिहीत होते. मग दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एका जागी फरक निघाला. त्यांनी परत वाकून पाहिलं, आणि आपल्या वहीतला आकडा खोडला.

मग ओसरीवर बसून म्हणाले, 'रावजी, तीन वर्षांपूर्वी तुमच्या रजिस्टराचं अक्षर बदललं. ते आम्हाला पुण्यात पहिल्याच महिन्यात कळलं होतं. अक्षर आधीपेक्षा चांगलं, आणि आकडे शेजारच्या ठाण्यांशी जुळणारे. चुकले असते तर मी तेव्हाच आलो असतो. पण सही एकाची आणि डोळे दुसऱ्याचे, हे पुढे चालायचं नाही.'

आप्पांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं.

'म्हणून,' ते म्हणाले, 'पहिल्या तारखेपासून सहीही हिचीच.'

आई आतून बाहेर आली ती हातातल्या पिठासकट. आप्पांनी परत विचारलं, 'कोणाची?' इन्स्पेक्टर जरा मोठ्याने म्हणाले, 'मिस मालन रावजी नागवेकर. निरीक्षक, रत्नागिरी. हुकूम मी पुण्याहून पाठवतो.' आणि मग थालीपीठ मागून घेऊन खाल्लं, दोन.

तुझ्या समितीला त्यांनी इथूनच पत्र लिहिलं की आकडे बरोबर आहेत, आणि अनुमानही बरोबर आहे.

घरावरचं संकट टळलं. आता तू फक्त धाव. एक सांगते, मी खांबाखालून पाहिलंय ते. वारा समोरून आला की तू छाती काढून त्याच्या अंगावर जातोस. भांडू नकोस त्याच्याशी. जरा वाक, हात आखूड ठेव, आणि तो टप्पा निभावून ने. भांडण शेवटच्या वळणानंतर.

मालन


परळ, मुंबई
२ फेब्रुवारी १९३६, रविवार

प्रिय मालन,

तार मिळाली असेल. तारेत मावलं नाही ते आता लिहितो. घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

मैदानाच्या चारी कोपऱ्यांवर निशाणं होती आणि ती सगळी फडफडत होती. म्हटलं, आला माझ्या ओळखीचा. सहा जणांत एक पोलिसातला उंच गडी होता, गेल्या वर्षीचा विजेता. या वेळी सुरुवातच वाऱ्याच्या तोंडावर होती. बार झाला, पोलीस तीरासारखा सुटला. लोक ओरडायला लागले. माझंही रक्त उसळलं, पण तुझं पत्र आठवलं. वाकलो, हात आखूड ठेवले. तो माझ्यापुढे पाच यार्ड गेला, मग सहा. तो वाऱ्याशी अगदी माझ्यासारखा भांडत होता, छाती काढून. वळणावर आलो तेव्हा त्याच्या खांद्यांवरून मला कळलं की त्याने आपला दम तिथेच खर्चून टाकलाय.

मग शेवटचा सरळ टप्पा. वारा पाठीशी आला, सगळ्यांच्याच. माझ्या पायांत अजून होतं. वीस यार्ड उरले असताना मी त्याच्या बाजूला आलो. त्याने वळून बघितलं, आणि तेवढ्यात मी पुढे गेलो. फीत छातीला लागली तेव्हा माझ्यापुढे कोणी नव्हतं, फक्त गवत.

पन्नास सेकंद आणि तीन पंचमांश! वाऱ्यात! तिन्ही घड्याळं सारखी. त्या पाहुण्यांनी स्वतः येऊन हात पुढे केला. म्हणाले, 'मी अर्धीच शर्यत पाहिली होती.' माणूस वाईट नाही गं.

सेक्रेटरी साहेब म्हणाले, 'तुमच्या प्रोफेसरांना कळवा.' या वेळी मी अडखळलो नाही. सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, 'ते प्रोफेसर नाहीत, साहेब. ती माझी धाकटी बहीण. वय एकोणीस. सरकारी हवामान निरीक्षक, रत्नागिरी.' मग साहेबांनी टोपी काढली, तू तिथे समोर उभी असल्यासारखी. मार्चमधल्या इलाख्याच्या सामन्यांत ते वारा मोजायचं यंत्र लावणार आहेत, आणि ते लावायला तुला बोलावताहेत. निमंत्रण वेगळं येईल. आता ही चिठ्ठी आधी आप्पांना वाचून दाखव.

तुझा दादा


रत्नागिरी
६ फेब्रुवारी १९३६

प्रिय दादास,

वाचून दाखवली. आप्पांनी शर्यतीचा भाग तीनदा वाचायला लावला, आणि दर वेळी वळणापाशी आल्यावर श्वास रोखून बसले, जणू या खेपेला तू हरशील. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर उठले. मी हात धरायला गेले तर म्हणाले, 'सोड.' एकटे अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेले. रस्त्यावर बाजारातून परतणाऱ्या बायका होत्या, दादू सायकल ढकलत चालला होता. आप्पांनी फाटकाचा दांडा दोन्ही हातांनी धरला, मान वर केली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं,

'पन्नास आणि तीन पंचमांश! तोंडावरच्या वाऱ्यात! माझा मुलगा धावला, आणि वारा माझ्या मुलीने मोजला!'

दादूने सायकल तिथेच टाकली आणि टोपी हवेत उडवली.

मालन रावजी नागवेकर
निरीक्षक